विम्याचा हक्क की अनुग्रहाचे दान?

व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठविण्यात आला, ही गोष्ट स्वागतार्ह होय. माणसाने आपल्या मृत्यूची आणि आजारपणाची तरतूद करावी व त्या तरतुदीवर सरकारने कर घ्यावा, यात औचित्याचा भाग मुळातच थोडा होता. उशिरा का होईना, ही विसंगती दूर झाली. परंतु कर उठला म्हणजे विम्याचा प्रश्न सुटला, अशी कोणाची समजूत असेल, तर तिच्याशी आम्हांस सहमत होता येत नाही. परभणी शहरातील नानलपेठेत, वसमत रस्त्यावर, अथवा जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील बँकांच्या दारांत विम्याविषयी चार माणसे बोलताना ऐकावीत. हप्ता महाग आहे, ही तक्रार त्यांत असतेच. पण तिच्याहून मोठी शंका निराळी असते. ‘वेळ आली म्हणजे पैसे मिळतील काय?’ असे ती माणसे विचारीत असतात. या एका प्रश्नाला खात्रीचे उत्तर जोवर मिळत नाही, तोवर २०४७ पर्यंत प्रत्येक नागरिकास विम्याचे छत्र देण्याचा विमा नियामक प्राधिकरणाचा संकल्प कागदावरच राहणार.

ही शंका लोकांना अनुभवाने शिकविली आहे. २०१७ च्या खरिपातील सोयाबीन हातचे गेल्यावर विम्याच्या रकमेसाठी परभणीच्या शेतकऱ्यांना २०१८ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठाण मांडून बसावे लागले, आणि त्या आंदोलनाची चर्चा देशभर झाली. पीकविमा हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. परंतु पिकाच्या विम्याने ज्या घराची अशी निराशा केली, त्याच घरातील कर्त्या पुरुषापुढे आयुर्विम्याचा वा अपघातविम्याचा कागद ठेवला जातो, तेव्हा त्याचा हात सहीला का अडखळतो, हे समजून घेण्यास फार विद्वत्तेची गरज नाही.

याहून बोलके उदाहरण खुद्द राज्य शासनाचे आहे. शेतकऱ्यांना अपघातविम्याचे संरक्षण देणारी योजना महाराष्ट्रात २००५-०६ पासून चालत आली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव देण्यात आले आणि संरक्षणाची रक्कम दोन लाख रुपये झाली. शेतकऱ्याने हप्त्याचा एक पैसाही भरावयाचा नव्हता; तो शासन भरीत असे. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत वा नदीत बुडणे, कीटकनाशकाची बाधा, रस्त्यावरील अपघात, अशा ज्या आपत्ती मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या नित्य वाट्याला येतात, त्या या योजनेत होत्या. योजनेचा हेतू उत्तम होता. तरीदेखील एप्रिल २०२३ मध्ये शासनाला विमा कंपन्यांना या व्यवस्थेतून दूर करावे लागले. कंपन्या ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव निकालात काढीत नाहीत आणि अनावश्यक त्रुटी दाखवून ते नामंजूर करतात, अशा आशयाची कारणे शासनानेच त्यासाठी दिली. तेव्हापासून कंपनीची मध्यस्थी संपून शासनच तालुका पातळीवरून मदत मंजूर करते आणि योजनेच्या नावात ‘विमा’ या शब्दाच्या जागी ‘सानुग्रह अनुदान’ हे शब्द आले आहेत.

या निर्णयाने अनेक कुटुंबांची सोय झाली असेल. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष अत्यंत गंभीर आहे. शासन हे काही एकटेदुकटे गिऱ्हाईक नव्हे. त्याच्याजवळ कृषिखाते आहे, महसूलखाते आहे, पोलीस आहेत, विधितज्ज्ञ आहेत आणि कोट्यवधींचा हप्ता देण्याची किंवा रोखण्याची सत्ताही आहे. एवढे सामर्थ्य असलेल्या ग्राहकाला जर आपल्या शेतकऱ्यांचे दावे कंपन्यांकडून पदरात पाडून घेता आले नाहीत, तर सोनपेठ किंवा पालम तालुक्यातील एखाद्या विधवेने, इंग्रजीत आलेले नकाराचे पत्र हातात धरून, कोणाच्या बळावर भांडावे?

शिवाय ‘सानुग्रह’ या शब्दाचा अर्थही विसरता येणार नाही. अनुग्रह म्हणजे कृपा. विमा हा करार असतो आणि करारातून हक्क निर्माण होतो. हक्काने मागता येणारी रक्कम आता कृपेने मिळू लागली. कृपेला अंदाजपत्रकातील तरतुदीची मर्यादा असते. ती आज आहे, उद्या आटूही शकते. विम्याची व्यवस्था सुधारता येत नाही म्हणून ती सोडून द्यावयाची आणि हक्काच्या जागी अनुदान ठेवावयाचे, हा तात्पुरता इलाज झाला. रोग तसाच राहिला.

मराठी मध्यमवर्गाला विमा नवीन नाही. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया’ ही आयुर्विमा कंपनी काढली, तेव्हापासून शिक्षक, कारकून आणि वकील यांच्या संसारात विम्याच्या हप्त्याला मानाचे स्थान आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हेही महाराष्ट्राचेच. त्या वेळी २४५ देशी-विदेशी विमा संस्था एकत्र आणून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे करण्यात आले. अनेक कंपन्यांचा गैरकारभार हे त्यामागील एक कारण होते आणि विमा शहराबाहेर, खेड्यापर्यंत पोचावा ही आकांक्षा हे दुसरे. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून नुकतीच बाहेर पडत होती. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आज विमा खेड्यापर्यंत पोचला, हे खरे आहे. हप्ता गोळा करणारा हात गावोगाव गेला. रक्कम परत देणारा हात मात्र अजून मोठ्या शहरातील कार्यालयातच अडकून पडला आहे.

विम्याच्या कायद्याचे अधिष्ठान ‘परम सद्भाव’ हे आहे. विमा घेणाऱ्याने आपले वय, प्रकृती, पूर्वीचे आजार, व्यसने यांविषयी सर्व काही खरे सांगितले पाहिजे. दडविले तर करार मोडतो. तत्त्व योग्यच आहे. पण व्यवहारात काय घडते? प्रस्तावपत्र बहुधा एजंट भरतो. ते पुष्कळदा इंग्रजीत असते. आजारांची लांबलचक यादी असते आणि तिच्यापुढे ‘नाही, नाही’ अशा खुणा झपाट्याने केल्या जातात. विमेदार दाखविलेल्या जागी सही करतो. त्या सहीच्या वरच बारीक अक्षरांत ‘हा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे’ असेही छापलेले असते आणि न समजलेल्या मजकुराखाली समजल्याची ही कबुली दिली जाते. दोन वर्षांनी तो माणूस हृदयविकाराने जातो. मग कंपनीचा तपासनीस गावात येतो, दवाखान्यातील जुने कागद धुंडाळतो आणि रक्तदाबाची एक जुनी गोळी शोधून काढतो. हप्ता घेताना डोळे मिटावयाचे आणि दावा देताना भिंग लावावयाचे, याला सद्भाव कसे म्हणावे? सद्भाव एकाच बाजूने पाळावयाचा नसतो.

कंपन्यांची बाजूही आम्ही जाणतो. खोटे वयाचे दाखले, मरणोन्मुख माणसाच्या नावाने घेतलेल्या पॉलिसी, बनावट कागदपत्रे, असे प्रकार होतात. नाही असे नाही. आणि खोटा दावा मंजूर झाला तर त्याचा भार अखेर प्रामाणिक विमेदारांच्याच हप्त्यावर पडतो. परंतु यावर उपाय पैसे घेण्यापूर्वी चौकशी करण्याचा आहे. पॉलिसी देण्याच्या वेळी वैद्यकीय तपासणी टाळून धंदा वाढवावयाचा आणि मृत्यूनंतर मात्र सत्यशोधनाचा उत्साह दाखवावयाचा, हा न्याय नव्हे. कायद्यानेही हे ओळखले आहे. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली म्हणजे कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत आक्षेप घ्यावयाचा तर लेखी कारणे द्यावी लागतात. आणि लबाडी सिद्ध न होता केवळ चुकीच्या माहितीवरून दावा नाकारला, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. किती घरांना हे ठाऊक आहे? पॉलिसी विकताना नफ्याचे कोष्टक दाखविणारा किती वेळा हे कलम दाखवितो?

आरोग्यविम्याची कहाणी शहरी मध्यमवर्गाच्या अधिक जवळची आहे. परभणीतील रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठावे लागते. पाच-सात वर्षे हप्ता भरलेला गृहस्थ निश्चिंत मनाने दाखल होतो आणि बिलाच्या वेळी त्याला पहिला धडा मिळतो. समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे तीन हजार रुपये आहे. त्याने सहा हजारांची खोली घेतली. त्याची समजूत अशी की, वरचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत औषधे, तपासण्या यांसारखे खर्च वगळता शस्त्रक्रियागृह, डॉक्टर, परिचारिका यांचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. हा खर्च एक लाख वीस हजार असेल तर साठ हजारच मिळतात. ही अट पॉलिसीत लिहिलेली असते, हे मान्य. पण ती कोणी वाचून दाखविलेली नसते.

नियम सुधारले आहेत, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे हप्ते भरल्यानंतर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. रोखरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत निर्णय झाला पाहिजे, असे प्राधिकरणाचे मे २०२४ चे फर्मान आहे. नवी पॉलिसी पसंत नसल्यास ती तीस दिवसांत परत करता येते. बँकेत ठेव ठेवण्यास गेलेल्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात वीस वर्षांची पॉलिसी पडते, तेव्हा हे तीस दिवस फार मोलाचे असतात. आणि ते बहुधा कागद कपाटात ठेवण्यातच निघून जातात.

गरिबांच्या विम्याचे दुखणे निराळे आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे आणि सुरक्षा विमा वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण देतो. २०१५ पासून चालू असलेल्या या योजना निःसंशय उपयुक्त आहेत. पण त्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. मे अखेर हा आमच्या जिल्ह्यात बियाणे व खत खरेदीचा काळ. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचा त्यानंतर. मे अखेरीस खाते रिकामे असते. ४३६ रुपये शिल्लक नसतील तर संरक्षण निमूटपणे संपते. घरच्यांना ते मृत्यूनंतरच कळते. पुन्हा नाव नोंदविले तर पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने आलेल्या मृत्यूला संरक्षण नसते. हप्ता कापण्याचा महिना शेतकऱ्याच्या हंगामाप्रमाणे ठेवणे, निदान खात्यात रक्कम नसल्याची सूचना मराठीत आणि वेळेवर देणे, यासाठी फार मोठ्या क्रांतीची जरुरी नाही.

तशीच गोष्ट पुराव्याच्या कागदांची. साप चावल्यावर माणूस दगावला तर घरचे लोक रडतात, तयारीला लागतात आणि अंत्यसंस्कार करतात. शवविच्छेदन करून घ्यावे, पोलिसांत नोंद करावी, दवाखान्यात नेल्याचा कागद जपून ठेवावा, हे त्या घटकेला कोणाला सुचणार? पुढे त्याच कागदांवाचून दावा अडतो. शेतकऱ्यांच्या अपघात अनुदानासाठी तर सातबारा, गाव नमुना सहा-क मधील वारसनोंद, वयाचा पुरावा व पंचनामा यांसह तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. दुःखाचे तेरा दिवस त्यातूनच वजा होतात. पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी अशा प्रसंगी त्या घरी स्वतः जाऊन हे सांगणे हा उपकार समजू नये. ते त्यांच्या कामाचाच भाग मानले गेले पाहिजे.

तक्रारीची दारे बंद आहेत असे नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारीसाठी तेथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. परभणीचे लोकपाल कार्यालय पुण्यास आहे. तक्रार टपालाने वा संगणकावरून करता येते, हे खरे. पण ज्याला प्रस्तावपत्र वाचता आले नाही, तो संगणकावर तक्रार कशी लिहिणार? दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. ते परभणीतच आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच ठिकाणी दावा लावता येतो, दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. लोक या दारापर्यंत जात नाहीत, कारण पहिला नकार तोच शेवटचा निकाल असे ते समजतात. कंपनीचे पत्र म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि साध्या आहेत. विम्याची माहिती देणारे पत्रक मागितल्यास प्रादेशिक भाषेत द्यावे, असा नियम आहे. महाराष्ट्रात ते न मागता मराठीतच द्यावे. प्रस्तावपत्रही मराठीत असावे, ते विमेदारास वाचून दाखवावे आणि भरलेल्या पत्राची प्रत पॉलिसीसोबत त्याच्या हाती पडली की नाही, याची जबाबदारी एजंटावर ठेवावी. दावा नाकारल्याचे पत्र मराठीत असावे आणि त्याच पत्रावर लोकपालांचा व जिल्हा ग्राहक आयोगाचा पत्ता ठळकपणे छापलेला असावा. लोकपालांनी वर्षातून काही दिवस तरी परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन सुनावणी करावी. शासनाने अपघात अनुदान अवश्य चालू ठेवावे. परंतु ज्या कंपन्यांनी शेतकऱ्यांचे दावे विनाकारण अडविले असा त्याचाच अनुभव आहे, त्यांच्याकडून त्या अडवणुकीचा जाबही मागावा. नुसते त्यांना दूर केल्याने हिशेब पुरा होत नाही.

शेवटी आमच्या सुशिक्षित वाचकांना दोन शब्द. आपल्या घरी पॉलिसी कोठे ठेवली आहे, हे पत्नीला ठाऊक आहे काय? लग्नापूर्वी आईचे लावलेले वारसनाव आजही तसेच राहिले आहे काय? २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले यांपैकी कोणाचे नाव लावले असेल, तर त्या रकमेवर त्याचा स्वतःचा हक्क मानला जातो. म्हणून हे नाव विचारपूर्वक घालावयास हवे. व्यापारी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी व मुलांसाठी पॉलिसी घेतली, तर ती त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी ठरते आणि धंदा बुडाला तरी सामान्यतः धनकोंना तिला हात लावता येत नाही. प्रस्तावपत्रात रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया हे सारे लिहावे. हप्ता थोडा वाढेल, पण दावा उभा राहील.

आणि एवढे स्वतःसाठी केल्यावर शेजाऱ्यासाठीही थोडे करावे. परभणीत वकील आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. घरातील कामवालीचे अथवा गावाकडच्या वाटेकऱ्याचे नाकारलेल्या दाव्याचे पत्र त्यांपैकी एकाने वाचून पाहिले आणि लोकपालांना एका पानाचा अर्ज लिहून दिला, तर एखाद्या घराचे बुडालेले दोन लाख परत येऊ शकतात. ज्याला वाचता येते, त्याने ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचावे, ही मागणी मोठी नाही. कायदा पुष्कळसा विमेदाराच्या बाजूने झाला आहे. तो त्याच्या घरापर्यंत नेऊन पोचविण्याचे काम मात्र अजून कोणीतरी करावयाचे आहे, आणि ते आपण करावयाचे आहे.